दोन कापसांची गादी

दसरा झाला की आमचं शेत पांढरं दिसू लागतं, आणि माझी बोटं वेचणीच्या आधीच दुखू लागतात. बोंडाच्या वाळलेल्या टरफलाला टोकं असतात, ती नखाच्या कडेनं आत शिरतात. उन्हाळाभर त्या जागेची आठवणही नसते. पण झाडावर पहिली चार बोंडं फुटली की तिथे बारीक ठणका सुरू होतो. यंदाही झाला.

पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करायचं असतं. यंदा मी एकटीच गेले. बांधाजवळ पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला आणि थोडा पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर, शिंपडला. पूर्वी या दिवशी शेतात सात-आठ बाया असायच्या. एकमेकींना नाव घ्यायला लावायच्या. माझी पाळी आली की मी झाडाआड जायची आणि त्या हसायच्या. आता बाया वेचायच्या दिवशी टेम्पोतून येतात आणि टेम्पोतून जातात. त्यांना सीतादहीला वेळ नाही, आणि मला कोणाला बोलवायला जमत नाही. बांधावर बसून मी उरलेला दहीभात खाल्ला. उत्तरेला सातपुडा धुरकट दिसत होता. एवढं पांढरं शेत समोर असून आनंद काही वाटला नाही. थकवा वाटला, तोही कामाच्या आधीचा.

कापूस फुटला की मला सगळी वर्षं आठवत नाहीत. एकच आठवतं, अळीचं. त्या वर्षी मी एक गोष्ट केली, आणि पुढच्या वर्षी त्याबद्दल खोटं बोलले. त्यामुळे माझी मुलगी सुरेखा आणि तिची सासू सहा वर्षं एका घरात दोन चुलींवर जेवत आल्या. मला सोडून हे कोणाला माहीत नव्हतं.

त्या वर्षी पऱ्हाटी माझ्या डोक्याच्या वर गेली होती. आमचे हे शेतातून आले की न विचारता सांगायचे, यंदा झाड चांगलं आहे. मग फुलं उमलेनाशी झाली. पाकळ्या एकमेकींत गुंतून, मूठ आवळल्यासारख्या राहायच्या. बोटानं सोडवलं की आत गुलाबी अळी, तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी. बोंडं तर बाहेरून हिरवीगार, गुळगुळीत. फोडली की आतल्या कापसाच्या चार पाकळ्यांपैकी दोन सडलेल्या, तिसरी पिवळी आणि चौथी पांढरी. बोंडाला अळी लागत नाही म्हणून तर बीटीचं बी घ्यायचं. ह्यांनी एक बोंड फोडलं, दुसरं फोडलं, असं करत पंधरा-वीस फोडली, आणि ती टरफलं खिशात घालून घरी आले. खिशात का घातली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी सदरा धुवायला घेतला तेव्हा ती माझ्या हाताला लागली. मी काही बोलले नाही. आमच्या घरात न बोलण्याची सवय मलाच आहे असं मला वाटायचं, पण त्या महिन्यात हेही बोलेनासे झाले.

गावात कोणी उभ्या पिकात ढोरं सोडली, कोणी ट्रॅक्टर फिरवला. आमच्या शेतात ट्रॅक्टर यायच्या आधी मी आणि सुरेखानं बोंडं तोडून आणली. ओसरीत ढीग घातला. फोडताना बारीक कट्ट असा आवाज यायचा आणि आंबूस वास सुटायचा, ओल्या पोत्यासारखा. सडलेली पाकळी एकीकडे, पिवळी एकीकडे, पांढरी माझ्या मांडीजवळच्या टोपलीत. दिवसभरात बोटं काळी व्हायची आणि टोपलीचा जेमतेम तळ झाकला जायचा. सुरेखा म्हणायची, "आई, हे कापूस काढणं हाय का दाणे निवडणं?" मी म्हणायची, "हात चालव." हात चालत होता तोवर बरं वाटायचं.

*

दिवाळीला सुरेखा आली, आणि तिची मुलगी ईश्वरी. ईश्वरी पहिलीत आहे. तिच्याजवळ सुरेखाचा जुना मोबाईल असतो. त्याची काच कोपऱ्यात तडकलेली आहे आणि त्यात फक्त खेळ आहेत. एक खेळ गाव बांधायचा आहे. झाड तोडलं की लाकूड मिळतं, मेंढी कातरली की लोकर मिळते, कापसाचं रोप लावलं की आपण पाणी पिऊन येईपर्यंत बोंड फुटतं. त्या सामानातून खाट करायची, कंदील करायचा, बैलगाडी करायची. आणि केलेली वस्तू नको झाली तर हातोड्याच्या चित्रावर बोट ठेवायचं. वस्तू खळकन फुटते, आणि तिचं सामान खालच्या चौकोनांत परत येतं. फळ्या निराळ्या, दोरी निराळी, कापूस निराळा, प्रत्येकावर आकडा.

ईश्वरीला बांधायला आवडतं. मोडायचं काम तिनं मला दिलं.

"आजी, ही खाट मोड. मले पलंग करायचा हाय."

मी बोट ठेवलं. खाटेला आठ फळ्या लागल्या होत्या, परत पाच आल्या.

"तीन कुठं गेल्या ओ?"

"गेल्या."

"अवं, पण कुठं?"

"मोडलं की थोडं जाते, आजी. तू लय विचारते."

मग मला त्याचा नादच लागला. दुपारी सगळे आडवे झाले की मी तो मोबाईल घेऊन ओसरीत बसायची आणि नातीनं सकाळी बांधलेल्या वस्तूंतली एखादी जुनी, कोपऱ्यातली, मोडायची. आवाज बंद करायची. फळ्या आणि दोऱ्या आपापल्या घरात जाऊन बसलेल्या बघायला बरं वाटायचं. एकदा सुरेखानं पाहिलं.

"आई, तू खेळून राह्यली का?"

मी मोबाईल पदराखाली घेतला. "नाही, किती वाजले ते पाह्यत होती."

"एवढा वेळ वाजतेत का?" ती हसली आणि आत गेली. सुरेखा हसली की तिच्या वडलांसारखी दिसते, जसे ते अळीच्या वर्षाच्या आधी दिसायचे.

*

आमच्यात मुलीला गादी द्यायची ती घरच्या शेतातल्या कापसाची. भांडी बाजारातली चालतात, कपाट चालतं. गादीतला कापूस मात्र बापाच्या शेतातला पाहिजे. माझ्या बाबांनी माझी गादी देशी कापसाची भरली होती. देशी बोंड लहान असायचं, धागा आखूड आणि खरबरीत. पण गादीत तो दबून बसत नाही, ऊन दाखवलं की पुन्हा फुगतो. त्याची सरकी माझी आई मडक्यात जपून ठेवायची, आणि पेरणीच्या आधी शेणात आणि राखेत घोळून अंगणात वाळवायची. आम्ही पोरी ती चोळायचो आणि हात दिवसभर खरखरीत राहायचे. बीटीची सरकी ठेवून उपयोग नसतो, दरवर्षी नवं पाकीट आणायचं. झाडातून कापूस निघतो, पुढचं झाड काही निघत नाही. हळूहळू देशी कापूस गावातून गेला. कधी गेला ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

सुरेखाचं लग्न माघात होतं. शेतातून निघालं होतं ते पांढऱ्या चौथ्या पाकळ्यांचं एक पोतं. मी माझी गादी उसवायचं ठरवलं.

उसवताना सुरेखा माझ्यासमोर बसली होती. मी ब्लेडनं टाके कापत गेले आणि ती दोरा ओढत गेली. खोळ उघडली तसा जुना वास आला, तेलाचा, दुधाचा, तापात घातलेल्या विक्सचा. कापूस साईसारखा पिवळसर झाला होता आणि जागोजाग बसला होता, पण बोटांनी ओढला की सुटत होता.

"मी यावरच झाली ना?" सुरेखानं विचारलं.

"झाली दवाखान्यात. लोळली यावर."

"मंग हा माहाच कापूस हाय. तू नवं काय देऊन राह्यली मले?"

दोघी हसलो. अळीच्या वर्षातलं ते एवढंच हसू मला आठवतं.

कापूस पिंजायला गफूरचाचा आले. ते जळगाव जामोदचे पिंजारी. त्यांच्या घरी मुलांनी मशीन बसवली होती, तरी हिवाळ्यात ओळखीच्या घरी ते स्वतः यायचे, कापूस बघायचे, बांधून न्यायचे आणि पिंजून आणून द्यायचे. त्यांनी चिमूटभर कापूस घेऊन दोन बोटांत ओढला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"देशी हाय बाई. अब कहां भेटते असा."

"पलंगाच्या गादीले पुरीन का, चाचा?"

"तुमची गादी होती खाटेची. पलंग हाय दुप्पट. वरून पिंजला की घट निघते, धूळ उडते, बारीक कापूस उडते. नाही पुरत."

"दुसरा थोडासा मिसळला तं?"

"दुसरा कोणता? बीटी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नको बाई. त्याचा धागा लंबा. आन यंदाचा तं अळीचा, कच्चा. तो अंदर जाऊन गोळे करते. देशीसंग त्याचं जमत नाही. गादी पतली करा, पण एका कापसाची करा."

मी मान हलवली. चौथ्या पाकळ्यांच्या पोत्याबद्दल त्यांना काही सांगितलं नाही. ते पोतं आतल्या खोलीत होतं आणि त्यातली सरकी मी रोज दुपारी हातानं काढत होते. वाती होतील, उशी होईल, असं तोवर मी स्वतःशी म्हणत होते.

आठ दिवसांनी चाचांनी पिंजलेला कापूस आणून दिला. तो गठ्ठ्यातून सुटला आणि ओसरीभर झाला. हात घातला तर हाताला काही लागतच नव्हतं. वीस वर्षांचं दबलेलं सगळं गेलं होतं. पण खोळीत भरून बघितला तर पलंगाच्या मापाला तो अंगठ्याएवढा झाला. लग्नात बाया गादीवर हात दाबून बघतात. कोणी काही म्हणत नाही, दाबतात आणि एकमेकींकडे बघतात. मला ते बघणं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. शेत गेलं हे सगळ्यांना माहीत होतं. ते गादीतही दिसावं, असं मला नको होतं.

सुरेखा मावशीबरोबर बांगड्या भरायला गेली होती. हे घरी नव्हते. मी दार लोटलं आणि आतलं पोतं ओढून आणलं. पांढऱ्या पाकळ्या म्हणून ठेवल्या होत्या, पण सरकी काढताना कळलं होतं की त्यातही पिवळं बरंच आहे, आणि सरकीचे तुकडे आहेत. देशी कापसाचा एक थर दिला, त्यावर हा, पुन्हा देशी. मग वाटलं की थर कळतील, म्हणून दोन्ही हातांनी ते सगळं एकमेकांत कालवलं. संध्याकाळपर्यंत टाके घालून गादी बंद केली. चांगली उंच झाली. लग्नात विहीणबाईंनी त्यावर हात दाबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ईनबाईनं हात राखला नाही बाप्पा." मी खाली बघितलं. सगळ्यांना वाटलं, लाजली.

*

खेळात मी कधी गादी मोडली नव्हती. या दिवाळीत एका दुपारी ईश्वरी माझ्याशेजारी बसली होती. तिनं बोट दाखवलं म्हणून मी गादी मोडली. चौकोनात कापसाचं चित्र आलं, त्यावर चार. बाकी सगळे चौकोन रिकामे.

"दुसरं काही नाही निघत का यातून?" मी विचारलं.

"कापूस टाकला तं कापूसच निघीन ना आजी. दुसरं कुठून येईन?"

मी मोबाईल तिच्या हातात दिला आणि चुलीपाशी जाऊन बसले. चूल पेटवायची वेळ झाली नव्हती.

मी खोटं बोलले त्या उन्हाळ्यात सुरेखाचं लग्न होऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. सातव्या महिन्यात तिला बाळंतपणाला आणायला मी तिच्या सासरी गेले. ते गाव खामगावच्या पुढे आहे. त्याच उन्हाळ्यात तिच्या नणंदेचं लग्न झालं होतं, आणि तिलाही घरच्या कापसाची गादी दिली होती. मी अंगणात पाय ठेवला तर सुरेखा गादी घेऊन उन्हात बसलेली. गादीत गोळे झाले होते, मुठीएवढे. पोट घेऊन तिला त्यावर कुशीवर वळता येत नव्हतं. तिनं एक कोपरा उसवला होता. शेजारच्या बाया जमल्या होत्या, कोणी कुंपणाशी, कोणी पायरीवर.

मला बघून तिनं आतला कापूस उपसला आणि पुढे केला.

"हा पाह्य आई. हा तुह्या गादीतला कापूस हाय का? मी माह्या डोयानं पाह्यला होता तो. यायनं तो काढून घेतला, आपल्या पोरीच्या गादीत भरला, आन मले हा कचरा भरून ठेवला."

विहीणबाई उंच, मोठ्या आवाजाच्या. घरात शिरल्या की आधी त्यांचं हसू शिरायचं. सुरेखाला त्या "आमचं बारकं" म्हणायच्या, ती त्यांना आत्याबाई म्हणायची, त्या तिच्या वेणीला स्वतः तेल लावायच्या. सुरेखानंच मला हे सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांचा आवाज मोठा नव्हता.

"ईनबाई, गादी तुमीच भरली ना? मंग तुमीच सांगा. हा कापूस तुमचा हाय का नाही?"

त्यांनी तो गोळा माझ्या हातावर ठेवला. पिवळट होता. त्यात सरकीचा फुटका तुकडा होता, मीच काढायचा राहून गेलेला. सात वर्षांची असल्यापासून मी कापसात आहे. डोळे मिटून हात लावला तरी कोणत्या वेच्याचा कापूस आहे ते मला कळतं. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मला चार माणसांत बोलता येत नाही हे खरं आहे, पण त्या दिवशी मी बोलले.

मी म्हटलं, "मले नाही वळखू येत."

विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या हातावरचा गोळा उचलून घेतला, पुन्हा गादीच्या कोपऱ्यात सारला, आणि म्हणाल्या, "बरं."

बाळंतपण करून सुरेखा परत गेली ती चूल वेगळी करूनच. मागच्या खोलीत तिचं, पुढच्या खोलीत सासूचं. जावई दोन्हीकडे जेवायचे आणि कुठेच धड नाही. नणंद दिवाळीला यायची बंद झाली. ईश्वरी चालायला लागली तशी या खोलीतून त्या खोलीत जायची, आणि कुठे काय शिजलं ते सांगायची. सुरेखा मला फोनवर म्हणायची, "मी बोलते त्यायच्यासंग. कामापुरतं बोलते." दरवर्षी कापूस फुटला की मी ठरवायची, या वर्षी सांगायचं. वेचणी व्हायची, पऱ्हाटी उपटून व्हायची, त्याची जळणाची मोळी अंगणात पडायची, आणि मी सांगितलेलं नसायचं. मी लाजाळू आहे असं सगळे म्हणतात. मीही तेच कारण धरून बसले. पण त्यात लाज किती आणि भीती किती, हे मला कधी निवडता आलं नाही.

*

या दिवाळीला सुरेखानं ती गादी आणली, ऑटोच्या टपावर बांधून. "तुह्या हातानं भरून दे, आई. यंदा पऱ्हाटी बरी हाय ना? चांगला कापूस भर." भाऊबीज झाल्यावर आम्ही दोघी अंगणात उसवायला बसलो. ईश्वरी ओसरीच्या पायरीवर खेळत होती, तिच्या मोबाईलमधून टकटक आवाज येत होता.

खोळ उघडली. आत दगड निघावेत तसे गोळे. मी एकेक घेऊन फोडत गेले. माझे हात आपोआप निवडायला लागले. खरबरीत, साईच्या रंगाचा एका बाजूला. पिवळा, लांब धाग्याचा, दुसऱ्या बाजूला. निघत नव्हता. एक ओढला की दुसरा त्याच्याबरोबर यायचा. तरी मी ओढत होते. सुरेखा बघत होती. तिनं एक पुंजका उचलला.

"आई, यात तं देशी बी हाय."

मी पुढचा गोळा घेतला.

"म्हणजे त्यायनं अर्धाच काढला. अर्धा राहू देला." ती विचार करत होती. "आता अर्धाच काऊन काढला असन?"

खोटं पुन्हा आयतं समोर आलं होतं. मला नुसतं गप्प बसायचं होतं. मला गप्प बसता येतं, तेच येतं. पण माझ्या हातात एक गोळा होता, तो निम्मा फुटून अडकला होता. मी दोन्हीकडून धरून बसले होते आणि तो ना इकडे येत होता, ना तिकडे जात होता. मला त्याचा फार थकवा आला.

"कोणी नाही काढला," मी म्हटलं. "दुसरा कापूस मीच टाकला."

सुरेखाला समजायला वेळ लागला. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत गेलं.

"कवा?"

"तू बांगड्या भराले गेलती तवा. अळीच्या बोंडातला होता. गादी पातळ होऊन राह्यलती."

"मंग तवा तं तुले विचारलं होतं त्यायनं. हातावर ठेवून विचारलं होतं."

"हाव."

"तू म्हणली वळखू येत नाही."

"हाव."

तिनं हातातला पुंजका खाली ठेवला. हळू ठेवला. मला वाटलं होतं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठून पाण्याच्या टाकीपाशी गेली, हात धुतले, पुन्हा धुतले. ईश्वरीनं विचारलं, "मम्मी, काय झालं?" तिनं सांगितलं, "काही नाही. कापूस लागला हाताले." मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"हे मले सांगून काय फायदा? त्यायले सांग."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो. बसमध्ये जागा होती. ती ईश्वरीला घेऊन पुढच्या सीटवर बसली, मी मागे. दोन्ही बाजूंनी कापसाची शेतं जात होती, कुठे बाया वाकलेल्या, कुठे भरलेली गाठोडी बांधावर. कंडक्टरनं मला कुठे जायचं ते दोनदा विचारलं. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते, आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य माझीच बाजू घेत होतं. खामगाव आलं, गेलं. शेवटी मी जुळवणं सोडून दिलं.

विहीणबाई पुढच्या खोलीत दाराशी तुरी निवडत बसल्या होत्या. त्यांना आता कमी दिसतं, सूप अगदी डोळ्यांजवळ धरतात. मला बघून उठायला लागल्या. मी त्यांना उठू दिलं नाही. बसलेही नाही. बसले असते तर चहापाणी झालं असतं, ख्यालीखुशाली झाली असती, आणि ते राहून गेलं असतं.

"तो कापूस माहाच होता," मी म्हटलं. "मीच मिसळला होता. त्या दिवशी मी खोटं बोलली."

त्यांनी सूप मांडीवर टेकवलं. कोणता कापूस, कोणता दिवस, असं त्यांनी विचारलं नाही.

"मले वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "चोर असता तं सगळा नेला असता. अर्धा काऊन ठेवीन?" थोडा वेळ त्या तुरीत बोटं फिरवत राहिल्या. "आन तुमी माह्याकडं न पाह्यता बोलल्या तवा. मी म्हटलं, आज नाही तं उद्या बोलतीन."

"माहं चुकलं."

"चुकलंच." त्यांनी एक खडा उचलून दाराबाहेर टाकला. "सांगतलं, बरं केलं. पण आता मी हे कोणाले सांगू, ईनबाई? त्या दिवशी आंगणात ज्या उभ्या होत्या, त्यातल्या दोघी तं मेल्या. तिसरी पोराकडं राह्यते पुण्याले. माही पोरगी सहा दिवाळ्या घरी नाही आली."

मी तशीच उभी होते. सुरेखा उंबऱ्याच्या बाहेर, ईश्वरीचा हात धरून. विहीणबाई म्हणाल्या, "बसा आता. उभ्या काऊन?" आणि भिंतीला धरून उठू लागल्या, चहा ठेवायला.

"तुमी बसा," सुरेखा म्हणाली.

ती आत आली. त्यांच्या चुलीपाशी गेली, पातेलं शोधलं, पाणी ठेवलं. चहापत्तीचा डबा समोरच होता. मग तिनं फळीवरचे डबे एकेक उघडून बघितले. मीठ निघालं, डाळ निघाली, मोहरी निघाली. थांबली. सहा वर्षं ती याच घरात राहत होती.

"आत्याबाई," तिनं पाठ न वळवता विचारलं, "साखर कुठं असते?"